पाऊस घेऊन येणारा

श्रावण अर्धा सरला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. सोयाबीन फुलावर होतं. या टप्प्यावर खंड पडला की झाड मरत नाही, पण फूल गळतं, आणि रस्त्यावरून हिरवंगार दिसणारं वावर आतून रिकामं होत जातं. दुपारच्या उन्हात पानं उलटी फिरून पोटाकडची पांढुरकी बाजू दाखवत होती. काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडायला लागल्या होत्या. मी सुटीवर गावी आलेलो. बहिणीचा पोरगा माझ्यासोबत वावरात आला होता आणि धुऱ्यावरच्या निंबाखाली मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मोबाइलमधला माणूस घोगऱ्या आवाजात, मागं नगारे वाजवत, दज्जाल निघालाय, आता थोडेच महिने उरलेत, असं बजावत होता. पडद्यावर आग, वाळवंट आणि कपाळाएवढा एक डोळा. शेजारचे काका पलीकडून धुऱ्याचं गवत कापत होते. विळा थांबवून त्यांनी विचारलं, "काय म्हनून राह्यला रे तो?" भाच्यानं त्याच्या परीनं सांगितलं: दुनिया संपायच्या आधी एक काना, म्हणजे एका डोळ्यानं आंधळा, माणूस येईल, मीच खुदा आहे म्हणेल, जे त्याला मानतील त्यांच्या वावरात पाऊस पाडून देईल. काकांनी एकदा वर पाहिलं, एकदा आपल्या सोयाबीनकडं. मग म्हणाले, "पाऊस पाडते म्हनतं ना? मंग धाड ना बाप्पा त्याले इकडं. आमी हो म्हनतो. लागन तं आंगठा देतो."

आम्ही तिघंही हसलो. भाचा जरा कमी हसला. "मामू, यांना सांगा ना," असं म्हणून तो माझ्याकडं बघत राहिला.

सांगायचं काय?

कारण काकांनी नेमकी जागा धरली होती. दज्जालची गोष्ट ऐकणारे बहुतेक लोक त्याच्या फुटक्या डोळ्यापाशी अडकतात. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या सांगून ठेवलेल्या वचनांमध्ये, तो डोळा आहेच, बाहेर आलेल्या द्राक्षासारखा. पण सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात नव्वास बिन समआन यांनी सांगितलेली जी लांबलचक हदीस आहे, ती कोरडवाहू शेतकऱ्यानं वाचली तर त्याला डोळा दिसणारच नाही, त्याला आभाळ दिसेल. दज्जाल एका वस्तीत जाईल, लोक त्याच्यावर विश्वास ठेवतील. तो आभाळाला सांगेल आणि पाऊस पडेल, जमिनीला सांगेल आणि ती उगवेल. संध्याकाळी त्यांची जनावरं चरून परततील तेव्हा त्यांची वशिंडं कधी नव्हती एवढी उंच, सड भरलेले, कुशी तट्ट फुगलेल्या. मग तो दुसऱ्या वस्तीत जाईल. ते लोक नाही म्हणतील. तो काही न करता निघून जाईल, आणि सकाळी उठून बघतात तर दुष्काळ. हातात काही म्हणजे काही उरलेलं नसेल. पडक्या जागेवरून जाताना तो म्हणेल, काढ तुझं धन बाहेर, आणि जमिनीतली धनं मधमाश्यांच्या थव्यासारखी त्याच्या मागं निघतील. ही हदीस सांगताना पैगंबरसाहेबांनी आवाज कधी चढवला, कधी उतरवला, आणि ऐकणाऱ्यांना वाटायला लागलं की तो इथंच, या खजुरीच्या झाडीत दडून बसलाय. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांची झाडीकडं वळलेली मान मला स्पष्ट दिसते. वशिंड, सड आणि कुशी एवढ्या बारकाईनं सांगणाऱ्याला जनावर माहीत होतं आणि ऐकणाऱ्यांनाही. वाळवंटातल्या माणसाला काय दाखवलं म्हणजे तो ईमान विकेल, हे ठाऊक असल्याशिवाय असं बोलता येत नाही. आणि हे आमच्याकडं जसंच्या तसं लागू पडतं, याचा मला त्या दुपारी जरा त्रासच झाला.

माझ्याकडं ही गोष्ट आली नानीकडून. हिवाळ्यात कापूस घरात येऊन पडायचा. ओसरीला लागून असलेली खोली छतापर्यंत भरायची, आणि आम्ही पोरं त्या ढिगात कंबरेएवढे रुतून बसायचो. कापसाचा तो कोरडा, थोडा धुळीचा, थोडा सरकीच्या तेलाचा वास आणि दज्जाल हे माझ्या डोक्यात कायमचे एकत्र बांधले गेलेत. नानी कंदिलाची वात खाली करायची आणि सुरू व्हायची. "बेटा, वो आयेंगा तो पहले डरायेंगा नहीं. पहले पानी की बात करेंगा." त्याच्याबरोबर एक नदी पाण्याची आणि एक आगीची असेल, जी आग दिसते तीत उडी घाला, ते थंड पाणी आहे, जे पाणी दिसतं ती आग आहे. हेही हदीसमध्येच आहे, पण मला ते नानीच्या आवाजातच ऐकू येतं. तिच्या दज्जालकडं एक अवाढव्य गाढव होतं, त्याच्या दोन कानांमधलं अंतर आमच्या गावापासून मलकापूरपर्यंत. मलकापूर तिनं स्वतःहून घातलेलं असणार. तिनं पाहिलेलं सगळ्यात लांबचं गाव तेच होतं.

नानीला अक्षर ओळख नव्हती. कुराण तिला ऐकून ऐकून बरंच पाठ होतं, पण रेशनकार्डावर ती अंगठाच द्यायची आणि तलाठ्यानं काय लिहिलंय हे विचारायला कुणाच्या तरी दारात जायची. त्यामुळं या सगळ्या भयानक गोष्टीत तिचा एक आवडता भाग होता. दज्जालच्या दोन डोळ्यांच्या मधोमध काफ, फे, रे अशी अक्षरं लिहिलेली असतील, आणि ती प्रत्येक ईमानवाल्याला वाचता येतील, मग तो शिकलेला असो की अडाणी. इथं आली की नानी सरळ होऊन बसायची. "मैं भी पढूंगी," म्हणायची. बाकी सगळे घाबरून तोंड लपवत असतील, आणि आमची नानी, जिला बसची पाटी वाचता आली नाही, ती त्या माणसाच्या कपाळाकडं बघून मोठ्यानं वाचेल! मला वाटतं तिला कयामतीची थोडी ओढच होती. तिचा दुसरा आवडता भाग शेवटचा. दमास्कसच्या पूर्वेला पांढऱ्या मिनारापाशी ईसा अलैहिस्सलाम, म्हणजे येशू, उतरतील, दोन फरिश्त्यांच्या पंखांवर हात ठेवून, आणि लुद्दच्या दरवाजापाशी दज्जालला गाठतील. त्यांना पाहताच तो पाण्यातल्या मिठासारखा विरघळायला लागेल. आणि याजूज-माजूज या धुमाकूळ घालणाऱ्या टोळ्यांचाही निकाल लागल्यावर असा पाऊस येईल की जमीन आरशासारखी धुऊन निघेल, आणि एक डाळिंब एवढं मोठं होईल की माणसांची एक टोळी ते खाईल आणि त्याच्या सालीच्या सावलीत बसेल. आमच्या परसात डाळिंबाचं एक झाड होतं. त्याला लिंबाएवढी फळं लागायची आणि बहुतेक किडकी निघायची. आम्ही त्या झाडाकडं बघून अंदाज बांधायचो की साल केवढी होईल, आणि त्यात आमची गाय मावेल का.

म्हणजे पाऊस दोन आहेत या गोष्टीत. एक त्याचा आणि एक नंतरचा. दोन्ही पावसांनी पीक येतं, दोन्हीत जनावरं दुधानं भरतात. हे लहानपणी कधी लक्षात आलं नव्हतं. काकांच्या त्या वाक्यानंतर रात्री खाटेवर पडल्या पडल्या आलं, आणि झोप गेली.

पाण्याचा धागा या कथेत सगळीकडं आहे. तमीम दारी नावाचा एक ख्रिस्ती माणूस मदीनेत येऊन मुसलमान झाला. त्याची हकीकत पैगंबरसाहेबांनी स्वतः मिंबरवर, मशिदीतल्या प्रवचनाच्या चौथऱ्यावर, बसून, हसऱ्या चेहऱ्यानं लोकांना सांगितली; फातिमा बिन्त कैस यांच्याकडून ती पुढं आली. तमीम तीस माणसांबरोबर जहाजात निघाला, लाटांनी महिनाभर त्यांना खेळवलं, शेवटी एका बेटाला लागले. तिथं अंगभर केस असलेलं एक जनावर भेटलं. केस एवढे की पुढची बाजू कुठली, मागची कुठली, कळेना. ते बोललं, आणि त्यांना एका मठात पाठवलं. मठात एक प्रचंड माणूस, हात मानेला बांधलेले, गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत लोखंड. हा पुढं सुटणारा दज्जाल. आणि हा कैदी आल्या आल्या त्यांना काय विचारतो? बैसानच्या खजुरींना फळ येतं का? तबरियाच्या तळ्यात पाणी आहे का? जुगरच्या झऱ्याला पाणी आहे का, आणि तिथले लोक त्या पाण्यावर शेती करतात का? पुण्याला कंपनीत राबणारा आमच्याकडचा पोरगा गावाकडचा माणूस भेटल्यावर पहिल्यांदा विहिरीला पाणी किती आहे ते विचारतो, अगदी तसंच. फरक एवढाच की हा कैदी पाणी आटायची वाट बघतोय. ते आहे म्हणतात, तो म्हणतो, लवकरच नसेल. पाणी सरेल तेव्हा त्याचा बाजार बसणार, हे त्याला बेटावर बांधलेल्या अवस्थेतही पक्कं ठाऊक आहे. अनुभवी व्यापारी.

आता हे सगळं वाचून आजूबाजूला दज्जाल शोधायचा मोह होतो. मला तर फार होतो. आमच्या लहानपणी गावात पहिला टीव्ही आला तेव्हा एका बुजुर्गांनी जाहीर केलं होतं की हाच तो एक डोळ्यावाला. ते स्वतः मात्र रामायण बघायला खिडकीशी उभे असायचे. पुढं मोबाइल आला, तोही एक डोळ्यावालाच ठरला. कुणी सावकाराला म्हटलं, कुणी सरकारला, कुणी परदेशी बियाण्याला. बियाण्याचं तर मीही म्हटलं असतं. आमच्याकडं मृगाच्या आधी कृषी केंद्रांच्या दारावर जे फलक लागतात, त्यांवरची बोंडं नारळाएवढी असतात आणि झाडाशेजारचा शेतकरी कायम नवा सदरा घालून हसत असतो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, पहिली काही वर्षं फवारे खरंच कमी झाले, घरात पैसा दिसला. आणि २०१७ च्या हंगामात त्याच बोंडांत गुलाबी अळी सापडत होती, आणि यवतमाळकडं फवारणी करता करता माणसं विषबाधेनं मेली. पण म्हणून बियाण्याच्या पाकिटाला दज्जाल म्हणणं ही मला आळशी पळवाट वाटते. एकदा नाव ठेवलं की पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायची गरज राहत नाही. फसवणूक होते ती बारीक अक्षरात, कपाळावर लिहिलेली असती तर नानीनंही वाचली असती. शिवाय हदीसच सांगते की त्या मोठ्याच्या आधी तीसेक खोटारडे येतील, प्रत्येक जण स्वतःला पैगंबर म्हणवेल. एवढ्या गर्दीत आपण बोट दाखवू तोच खरा, कशावरून?

नाव ठेवण्याचं आणखी एक प्रकरण आहे. आमच्या मोहल्ल्यात एक काना माणूस होता. देवीच्या साथीत एक डोळा गेलेला, चेहऱ्यावर व्रण. रमजानमध्ये तो पहाटे टिनाचा डबा वाजवत सहेरीसाठी, म्हणजे रोजाआधीच्या जेवणासाठी, लोकांना उठवत फिरायचा. "उठो रोजेदारो," अशी हाक आणि डब्यावर काडी. पोरांनी त्याचं नाव काय ठेवलं असेल ते सांगायला नको. एकदा तो दारावरून जाताना कुणीतरी तो शब्द मोठ्यानं बोललं, आणि नानीनं हातातली फुंकणी घेऊन त्या पोराला पार चौकापर्यंत पळवलं. परत आल्यावर धापा टाकत म्हणाली, "उसके कान में पडा होंगा." तो माणूस काही बोलला नव्हता. दुसऱ्या पहाटे आमच्या दारासमोर डबा मात्र वाजला नाही, त्या दिवशी घरातले सगळे उपाशीच रोजा राहिले.

मोठेपणी मी इब्न सय्यादची हकीकत वाचली. मदीनेतला एक पोरगा, विचित्र, काहीबाही बोलणारा. लोकांना संशय आला की हाच दज्जाल असावा. पैगंबरसाहेबांचे सोबती हजरत उमर म्हणाले, मला परवानगी द्या, मी याची मान उडवतो. पैगंबरसाहेब म्हणाले, तो तोच असेल तर तुला त्याच्यावर काबू मिळणार नाही, आणि तो तो नसेल तर त्याला मारून तुझं भलं व्हायचं नाही. मी कितीही वेळा हे वाचलं तरी दर वेळी थांबतो. गावात अफवा फिरते, पोरं चोरणारे आलेत, अमका जादूटोणा करतो, आणि जमाव निघतो, तेव्हा हे वाक्य कुणी तरी चौकात उभं राहून म्हणायला हवं. पण त्या पोराचं पुढं काय झालं? तो मोठा झाला, मुसलमान झाला, त्याला मुलंबाळं झाली. मक्केच्या वाटेवर एका मुक्कामात तो अबू सईद खुदरी यांच्याजवळ येऊन बसला. ऊन कडक होतं. त्यानं दूध आणून दिलं. अबू सईद यांनी, दूध गरम आहे, ऊन फार आहे, असं काहीतरी म्हणून टाळलं, कारण त्याच्या हातचं घ्यायला मन होईना. तेव्हा तो म्हणाला, लोक जे बोलतात त्यानं वाटतं की एक दोर घ्यावा, झाडाला बांधावा आणि गळफास लावून घ्यावा. दज्जालला मूल होणार नाही म्हणतात, मला मुलं आहेत. तो मक्का-मदीनेत शिरू शकणार नाही म्हणतात, मी मदीनेतच जन्मलो आणि मक्केला निघालोय. पुढं तो असं काही बोलला की अबू सईद पुन्हा संशयात पडले. इथं गोष्ट अधांतरी राहते, आणि मला तेच बरं वाटतं. पण दोर आणि झाड हे दोन शब्द एका ओळीत आले की आमच्या भागातल्या माणसाला पुढची ओळ लगेच वाचता येत नाही.

जग संपणार असल्याची बातमी आमच्या जिल्ह्यात पहिल्यांदा मोबाइलवरून आली, असंही नाही. मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे, घाटाच्या पायथ्याशी. सोळाव्या शतकातली मशीद तिथं अजून उभी आहे. लहानपणी अब्बांनी मला ती दाखवली होती. मला तिच्यापेक्षा बाहेरचा बोरीचा ढीग जास्त आठवतो. जौनपूरचे सय्यद मुहम्मद यांनी आपण महदी, म्हणजे शेवटच्या काळात येणारा मार्गदर्शक, आहोत असं जाहीर केलं होतं, १५०५ साली अफगाणिस्तानात फराह इथं ते वारले, पण त्यांना मानणारे महदवी दख्खनभर पसरले. अहमदनगरच्या निजामशाहीत बाल सुलतानाच्या नावानं जमाल खान हा महदवी सरदार सत्ता चालवायला लागला. हिजरी सनाचं हजारावं वर्ष उंबरठ्यावर होतं, आणि हजार पुरे झाले की काहीतरी होणार, अशी हवा सगळ्या हिंदुस्थानात होती. तिकडं अकबरानंही हजार वर्षांचा इतिहास लिहवून घ्यायला काढला होता. १५९१ मध्ये त्या बाल सुलतानाचा बापच, बुऱ्हाण, खानदेशच्या राजा अली खानाची मदत घेऊन गादी मागायला आला, आणि रोहिणखेडला लढाई झाली. जमाल खान तिथं मारला गेला. हजारावं वर्ष लागायला तेव्हा काही महिनेच होते. ते लागलं, गेलं. त्या मैदानावर आज बहुधा कपाशी आणि तूरच असेल. ज्यांच्या मते महदी येऊन गेला होता ते, आणि ज्यांच्या मते यायचा होता ते, दोघांचीही माणसं एकाच मातीत गेली, आणि तीही काळीच माती, पाणी धरून ठेवणारी, उन्हाळ्यात फाटणारी.

तारीख सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं. कुराणात दज्जालचं नावसुद्धा नाही. आणि कयामतीच्या घटकेचं ज्ञान फक्त अल्लाहकडं आहे हे मात्र पुन्हा पुन्हा आहे. एका माणसानं पैगंबरसाहेबांना विचारलं, कयामत कधी? उत्तराऐवजी उलट प्रश्न आला: तू तिच्यासाठी तयारी काय केलीस? भाच्याच्या मोबाइलमधल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो महिना सांगतो, महिना जातो, तो नवा महिना सांगतो, आणि मध्ये केसांच्या तेलाची जाहिरात येते. भाच्याला मात्र त्यानं झोपेतून उठवलं होतं. पोरगं रात्री पाणी प्यायला एकटं उठत नाही, असं बहीण सांगत होती. मी त्याला बोललो की नमाजमध्ये शेवटी बसल्यावर चार गोष्टींपासून आसरा मागतात, जहन्नम, कबरीचा त्रास, जगण्यामरणातली आजमाइश आणि दज्जाल. म्हणजे तू रोज त्याच्याबद्दल अर्ज देतोसच, मग रात्री पुन्हा कशाला? हे त्याला पटलं. अर्ज दिल्यावर पोच मिळते का, एवढंच विचारलं. तलाठी कार्यालयात जाणाऱ्या घरातलं पोरगं.

आणि सूरह कहफ, कुराणातला गुहेचा अध्याय. तिच्या पहिल्या दहा आयती पाठ असतील तर दज्जालपासून बचाव होतो असं सांगितलंय, म्हणून नानी आमच्याकडून त्या घोकून घ्यायची. गुहेत झोपलेले तरुण, उंबरठ्यावर पाय पसरून पडलेला त्यांचा कुत्रा, हे आम्हाला प्रिय. पण त्याच सूरेत पुढं दोन बागांचा एक मालक आहे, त्याच्याकडं मी फार उशिरा वळलो. द्राक्षांच्या दोन बागा, भोवती खजुरी, मधल्या जागेत पीक, मधून वाहतं पाणी, कुठंही खोट नाही. तो बागेत शिरतो आणि म्हणतो, हे कधी नष्ट होईल असं मला वाटत नाही, आणि ती घटका येईल असंही वाटत नाही. सकाळी मांडव कोसळलेले, आणि तो घातलेल्या पैशासाठी हात चोळत उभा. आमच्याकडं हा माणूस प्रत्येक गावात एक तरी असतो, आणि एका वर्षी तो तुम्ही असता. ज्या वर्षी तूर बारा हजारांच्या गोष्टी करते, त्या वर्षी. दज्जालवर उतारा म्हणून दिलेल्या सूरेत बागाईतदार का आहे, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

पाऊस मागायची आमची रीत मात्र वेगळी आहे. खंड लांबला की गावाबाहेर मोकळ्या मैदानात इस्तिस्काची नमाज होते. इमाम अंगावरची चादर उलटी करून घेतात, आतली बाजू बाहेर. हालत पालटावी म्हणून. तळहात आभाळाऐवजी जमिनीकडं करून दुआ मागतात. त्याच आठवड्यात वरच्या आळीतली पोरं निंबाचा पाला अंगाला बांधून "धोंडी धोंडी पाणी दे" करत दारोदार येतात, आणि आमच्याही दारातून त्यांच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं जातं. कधी पाऊस येतो, बहुतेक वेळा येत नाही. आला तरी बैलाचं एक शिंग ओलं आणि एक कोरडं. त्याच्या मनात आलं तर नमाजला न आलेल्याच्या वावरात आधी पडतो. या बेभरवशाच्या कारभारावर मी आयुष्यभर चिडलोय. पण त्या रात्री असं वाटलं, की या पावसानं आजवर कुणाला आधी सही मागितलेली नाही. दज्जालचा पाऊस नेमका वावर बघून पडणार. मानणाऱ्याच्या धुऱ्यापर्यंत, आणि तिथून पुढं कोरडं. शेजाऱ्याचं वाळताना आपलं भिजेल. काका अंगठा देतो म्हणाले ते मजेत, पण आमच्या घरांनी असे अंगठे खरंच दिलेत, बियाण्यासाठी, पंपासाठी, दवाखान्यासाठी, आणि नाही म्हणून दाखवा, असं म्हणणं सोपं असतं, पण ज्याच्या घरात पगार येतो त्यानं तरी ते बोलू नये. माझ्या घरात पगार येतो. म्हणून काकांना मी काहीच सांगितलं नाही. सांगितली ती फक्त एक गोष्ट, तीही दुसऱ्या दिवशी, भाच्याला ऐकू जाईल अशा बेतानं. इमाम बुखारींच्या अल-अदब अल-मुफ्रद या संग्रहात आहे: हातात रोप असताना कयामत आली, तर जमत असेल तर ते लावून टाका. आणि त्याच्याच शेजारी अब्दुल्लाह बिन सलाम यांचं एक म्हणणं: तुम्ही खजुरीचं रोप लावत असताना ऐकलं की दज्जाल निघाला, तर ते लावण्यात घाई करू नका, त्यानंतरही लोकांचं जगणं असणार आहे. काका म्हणाले, "हे बराबर हाय. घाईत लावलं तं लागतच नाही."

जुम्याला, शुक्रवारच्या नमाजला, भाच्यानं इमामसाहेबांनाच गाठलं. पोरगं धीट. त्यांनी बयानमध्ये नव्वास बिन समआन यांची तीच हदीस घेतली, पण दुसरा तुकडा. दज्जाल चाळीस दिवस राहील. एक दिवस वर्षाएवढा, एक महिन्याएवढा, एक आठवड्याएवढा, बाकी नेहमीसारखे. हे ऐकून साहाबांनी, पैगंबरसाहेबांच्या सोबत्यांनी, काय विचारलं? वर्षाएवढ्या त्या दिवसात एकाच दिवसाची नमाज पुरेल का? उत्तर मिळालं, नाही, वेळेचा अंदाज बांधून पढत राहा. इमामसाहेब एवढ्यावर थांबले आणि नमाजला उभे राहिले.

नंतर मशिदीच्या ओट्यावर म्हाताऱ्यांनी हा दिवस हातात घेतला. एकानं पाच गुणिले तीनशे पासष्ट करायला घेतलं, दुसऱ्यानं त्याला इस्लामी वर्ष तीनशे चोपन्न दिवसांचं असतं म्हणून टोकलं. अब्बांचा मुद्दा वेगळाच होता. "मतलब फजर को बोये तो असर को सोंगनी?" पहाटेच्या नमाजला पेरलं तर तिसऱ्या प्रहराच्या नमाजला कापणी का? सूर्य एका जागी थांबल्यावर पीक वाढेल का जळेल, यावर बरंच झालं. कुणी म्हणालं, कापूस वेचायला बाया मिळायच्या नाहीत, रोज कसा धरायचा, एक का तीनशे? तेवढ्यात कोपऱ्यातले एक चाचा, जे इतका वेळ पान चघळत होते, म्हणाले, "और सोसायटी का ब्याज? वो एक दिन का पकडेंगे के साल का?" ओट्यावर एकदम शांतता झाली आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. ब्याज हरामच आहे हे दोघांनी सांगून पाहिलं, त्यांना कुणी ऐकलं नाही. "ये तो सचिव साहब से पूछना पडेंगा," असं ठरलं. आणि सोसायटीचे सचिव खरंच त्याच वेळी समोरून मोटारसायकलवर चालले होते, तर चाचांनी उठून त्यांना हात केला.